मुलांच्या कानी कोणते गाणे पडावे?

निवासी शाळेत मूल काय खाते, किती वाजता झोपते, कोणते पुस्तक वाचते, याची नोंद ठेवली जाते. धान्याची पोती मोजली जातात, दुधाची प्रत तपासली जाते, ग्रंथालयात नवे पुस्तक आले की ते मुलांच्या हाती देण्यापूर्वी शिक्षक चाळून पाहतात. परंतु मूल दिवसभर काय ऐकते, त्याच्या ओठांवर कोणते गाणे रुळले आहे आणि ते गाणे त्याला काय शिकवते आहे, याची नोंद आम्ही कोणत्याही शाळेच्या दप्तरात पाहिलेली नाही. गाणे ही करमणुकीची बाब, अभ्यास आटोपल्यावरची, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. इतिहास शिकवण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवल्यावर आमचे मत याच्या अगदी उलट झाले आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याची स्मृती, त्याचा विद्रोह आणि त्याचे शहाणपण गाण्यातच साठलेले असते. म्हणून मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी नवे संगीत शोधणे, हे शाळेचे शैक्षणिक कर्तव्य आहे, असे आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडू इच्छितो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या विद्यार्थ्यांच्या कानी संगीत मुख्यतः तीन वाटांनी येते. पहिली वाट सुट्टीत हाती पडणाऱ्या मोबाइलची. मोबाइल मुलाला जे बहुसंख्य ऐकतात तेच पुन्हा पुन्हा ऐकवतो. एक गाणे ऐकले की त्याच जातकुळीची दहा समोर येतात आणि मुलाला वाटते, जगात एवढेच संगीत आहे. दुसरी वाट मिरवणुकीतल्या डीजेची. तिसरी वाट लग्नातल्या बँडची. या तिन्ही वाटांवर मूल केवळ ऐकणारे किंवा नाचणारे असते; गाणारे नसते. एकेकाळी घरात आजी दळताना गात असे, नातवंडे ऐकत असत, सून दुसरी ओळ जोडत असे. आज एकाच खोलीत चार माणसे चार वेगळी गाणी ऐकतात. कुटुंबाचे असे गाणे उरलेले नाही.

येथे ‘नवे’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. नवे म्हणजे काल प्रसिद्ध झालेले, असे आम्ही मानत नाही. जे या मुलाच्या कानाला अद्याप भेटलेले नाही, ते त्याच्यासाठी नवे. शंभर वर्षांपूर्वीची ओवी त्याच्यासाठी नवी असू शकते आणि गेल्या आठवड्यात आलेले गाणे जुन्याच साच्यातून काढलेले असू शकते. आपल्या चळवळीचा इतिहासही हेच सांगतो. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा रचला, तेव्हा पोवाड्याचा साचा जुना होता. दृष्टी नवी होती. सत्यशोधक जलशांनी तमाशाचे अंग उचलले आणि त्यात भटशाहीची चिकित्सा भरली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला, तेव्हा श्रोत्यांना चाल ओळखीची वाटली आणि आशय मात्र कधीही न ऐकलेला. पोवाडा, लावणी, कव्वाली, भजन, चित्रपटाची चाल, जे हाती येईल ते घेऊन आपल्या शाहिरांनी त्यातून माणूस उभा केला.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा विचार टाळता येणार नाही.

पहिला आक्षेप धम्माच्या अंगाने येतो. उपोसथाच्या अष्टशीलात नृत्य, गीत, वाद्य यांपासून विरत राहण्याचे शील आहे. मग बौद्ध संस्थेने संगीताचा आग्रह का धरावा? हे शील आहे, हे खरेच. भिक्खूंनी धम्माचे पठण लांबवलेल्या गीतस्वरात करू नये, असा उपदेशही अंगुत्तर निकायात आहे. कारण तसे करता करता मन अर्थावरून सुटून स्वतःच्याच आवाजावर लुब्ध होते. परंतु अष्टशील हे उपोसथाच्या दिवसाचे व्रत आहे. गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात गीताचा निषेध नाही. शिवाय दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्त आपण वाचावे. त्यात पंचशिख नावाचा गंधर्व भगवंतांसमोर वीणा वाजवून गातो आणि भगवान त्याचा अव्हेर करत नाहीत. तारेचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांशी कसे जुळले आहेत, याची ते वाखाणणी करतात. अतिश्रमाने खचलेल्या सोण भिक्खूला समजावतानाही त्यांनी वीणेचाच दाखला दिला : तार फार ताणली तरी वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. सोण पूर्वाश्रमी वीणावादक होता, म्हणून त्याला त्याच्याच कलेच्या भाषेत मध्यम मार्ग सांगितला गेला. शिक्षकाला यापेक्षा मोठा धडा कोणता? तेव्हा आमच्या समजुतीप्रमाणे धम्माचा प्रश्न ‘गाणे असावे की नसावे’ असा नाही. ‘या गाण्याने मन जागे होते की झिंगते’ असा तो आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, कारण तो जखमेतून आला आहे. हलगी, डफ, सनई, ही वाद्ये जातीने आपल्या गळ्यात बांधली होती. गावच्या जत्रेत, लग्नात, मयतीत वाजवणे हे बिनमोलाचे काम होते आणि वाजवणाऱ्याला मांडवाबाहेर बसावे लागे. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन आपल्या वाडवडिलांनी जी हलकी मानलेली कामे टाकली, त्यांत अनेक ठिकाणी वाजंत्रीही होती. ते टाकणे हे क्रांतिकारक कृत्य होते. त्याचे मोल कोणी कमी लेखू नये. मग तीच हलगी शाळेत मुलांच्या हाती का द्यावी, असे ज्येष्ठ मंडळी विचारतात तेव्हा त्यांच्या प्रश्नामागे अपमानाचा अनुभव असतो.

तरीही वर्गात आम्ही दुसरे दृश्य पाहतो. वडील बँडपथकात हलगी वाजवतात, हे सांगायला मुलगा कचरतो. अर्जावर ‘मजुरी’ असे लिहितो. एका आंतरशालेय स्पर्धेत आमच्या मुलींनी आजीकडून शिकलेली ओवी म्हटली, तेव्हा परीक्षकांनी त्यांना ‘एखादे चांगले गाणे’ म्हणायला सांगितले. मुली गप्प झाल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी नाव दिले नाही. वाद्य टाकून दिले तरी वाद्याशी जोडलेली लाज उरलीच, हा या अनुभवाचा अर्थ आहे. लाज जाण्यासाठी टाकणे पुरत नाही. स्वेच्छेने, मानाने पुन्हा उचलणे हाही एक मार्ग असतो. सक्ती होती तेव्हा हलगी ही बेडी होती. ज्या मुलीला न वाजवण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे आणि जी तरीही ती वाजवते, तिच्या हाती ती केवळ वाद्य असते. शाळेने कोणत्याही मुलाला त्याच्या जातीकडे बोट दाखवून वाद्य देऊ नये. सर्व वाद्ये सर्व मुलांसमोर ठेवावीत : हलगी, तबला, बासरी, हार्मोनियम, गिटार. ज्याला जे रुचेल ते त्याने उचलावे.

या संदर्भात अमेरिकेतील एका शाळेचा इतिहास आपल्या प्रत्येक निवासी शाळेच्या भिंतीवर लिहावा असा आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये नॅशव्हिल येथे फिस्क ही संस्था सुरू झाली. पाचच वर्षांत ती कर्जात बुडाली. तेव्हा १८७१ मध्ये संस्थेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांचे गायनपथक घेऊन देणग्या मिळवण्यासाठी बाहेर पडले. त्या नऊ जणांपैकी बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मले होते. आरंभी ते गोऱ्या श्रोत्यांच्या पसंतीची गाणी म्हणत. आपल्या आईबापांनी मळ्यांत गायलेली गाणी त्यांना लोकांसमोर म्हणावीशी वाटत नसत, कारण त्यांना गुलामगिरीच्या आठवणी चिकटल्या होत्या. पुढे त्यांनी तीच गाणी मंचावर आणली आणि श्रोते स्तब्ध झाले. १८७३ मध्ये हे पथक इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियासमोर गायले आणि त्यांनी मिळवलेल्या पैशातून फिस्कची ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत उभी राहिली. त्याच १८७३ साली जोतीरावांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता, हे वाचकांस ठाऊक आहेच. जोतीरावांनी ज्या लढ्याला वंदन केले, त्या लढ्याच्या मुलांनी गाण्यावर शाळा वाचवली. लाजेचे गाणे अभिमानाचे कसे होते, याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा आम्हांस माहीत नाही.

आता प्रश्न उरतो तो शोधण्याचा. नवे संगीत कोठे शोधावे? आमच्या मते शोधाची वर्तुळे आतून बाहेर वाढत गेली पाहिजेत.

पहिले वर्तुळ घराचे. मराठीत बालगीतांची समृद्ध परंपरा आहे. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील ग. दि. माडगूळकर आणि पु. ल. देशपांडे यांचे मोराचे गाणे आजही बालवाडीत म्हटले जाते आणि म्हटले जावे. परंतु या परंपरेतील बऱ्याच गाण्यांतले घर कोणाचे आहे, हेही मुलांना दिसते. वाडा, अंगण, देवघर, सुटीतला संपन्न मामा. ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर वाढलेल्या मुलाला त्या घरात पाहुणे म्हणून जावे लागते. त्याच्या स्वतःच्या घराचे गाणे कोठे आहे? ते आजीच्या जात्यापाशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित झाल्या आणि आज ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता व वाचता येतात. त्यांत बाबासाहेबांवरील, रमाईवरील ओव्याही आहेत. कधीही शाळेत न गेलेल्या बायांनी बाबासाहेबांना आपला भाऊ, आपला बाप मानून घातलेली ती साद आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही ती साधने मानतो; वर्तमानपत्रांनी ज्यांचे मत कधी विचारले नाही, त्या स्त्रियांचे मत तेथे नोंदले गेले आहे.

दुसरे वर्तुळ चळवळीचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी रचली. औपचारिक शिक्षण नसलेल्या, मोठेपणी अक्षरे शिकलेल्या या कवीने बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत पोहोचवला. विठ्ठल उमपांचा आवाज २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच थांबला. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीत, कव्वाली आणि भक्तिगीत अशा तिन्ही दालनांत आपला गळा गाजवला. आजच्या काळात एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलमुळेच घराघरांत पोहोचल्या. म्हणजे मोबाइल हा शत्रू नव्हे. त्यात काय शोधावे हे शिकवणारा कोणी हवा. येथे एक स्पष्ट मत नोंदवतो. भीमगीत म्हणून जे काही निघते ते सर्वच मुलांना ऐकवण्याजोगे नसते. चालू चित्रपटगीताच्या चालीवर केवळ जयजयकाराचे शब्द बसवले म्हणजे प्रबोधन होत नाही. ज्या गाण्यात बाबासाहेबांचे नाव पन्नास वेळा येते आणि विचार एकदाही येत नाही, त्यापेक्षा ज्यात नाव एकदाच येते आणि मूल विचार करू लागते, ते गाणे आम्ही निवडू.

तिसरे वर्तुळ शेजाऱ्यांचे. आपल्या वसतिगृहांत एकाच जातीजमातीची मुले नसतात. कोणी कोरकू, कोणी गोंड, कोणी वारली, कोणी लमाण तांड्यावरचा. त्यांच्या भाषांतली गाणी शाळेच्या सभागृहात किती वेळा ऐकली जातात? वाळलेल्या भोपळ्याचा तारपा वाजू लागला की वारली माणसे त्याच्याभोवती साखळी धरून नाचतात. त्या फेरात पुढचा-मागचा असा मान नसतो. समतेचा हा धडा नागरिकशास्त्राच्या तासापेक्षा लवकर उमगतो.

चौथे वर्तुळ देशाचे आणि जगाचे. पंजाबातील जालंधरची गिन्नी माही लहानपणापासून गुरू रविदास आणि बाबासाहेब यांच्यावर पंजाबीत गाते. चेन्नईत २०१७ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिला. गल्लीबोळांतले गाना हे गायन, परै हे चर्मवाद्य आणि पाश्चात्त्य रॉक, रॅप यांचा त्यांनी मेळ घातला. त्याचे नाव अयोथी दास पंडितर यांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या संकल्पनेवरून आले आहे आणि अयोथी दास हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ भूमीत बौद्ध धम्माचे पुनरुज्जीवन करणारे विचारवंत होते. परै हे वाद्यही हलगीसारखेच हिणवले गेले होते; आज तरुण-तरुणी ते ताठ मानेने वाजवतात. मुलांना तमिळ समजत नाही, पण ताल समजतो आणि ताठ मान समजते.

लहान मुलांच्या संगीताचा विचार करताना एला जेन्किन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेचे नाव घेतलेच पाहिजे. १९२४ ते २०२४ असे शंभर वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. १९५७ च्या त्यांच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेचे सूत्र हाक आणि प्रतिसाद हे होते : एकाने ओळ म्हणायची, मुलांनी उत्तर द्यायचे. साधने थोडी, चाल सोपी, पण मूल श्रोता न राहता गायक होते. आपल्या शाहिरीत झील धरणारे साथीदार असतात, ते याहून वेगळे काय करतात? शिकागोच्या वस्तीतली पद्धत आणि आपल्या जलशाची पद्धत एकाच गरजेतून जन्मली : ज्यांच्याकडे पुस्तके नाहीत, त्यांनी एकमेकांच्या आवाजाच्या आधाराने शिकावे.

इतक्या विस्तीर्ण क्षेत्रातून निवड कशी करावी? आम्ही चार कसोट्या सुचवतो. पहिली, शब्द स्वच्छ ऐकू यावेत. दुसरी, मुलाला ते यंत्राशिवाय स्वतः म्हणता यावे. तिसरी, त्यात कोणाच्याही आईबहिणीचा, कोणत्याही जातीचा, कोणाच्या रंगाचा किंवा व्यंगाचा उपहास नसावा. चौथी, गाणे संपल्यावर मुलाने एखादा प्रश्न विचारावा. या चार कसोट्यांना उतरणारे गाणे कोणत्याही भाषेतील आणि कोणत्याही काळातील असो, ते आपले.

डीजेसंबंधी येथे बोलणे भाग आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सामान्यतः ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसाला आठ तास सुसह्य मानला जातो आणि पुढे दर ३ डेसिबल वाढीला तो अवधी निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला तो जेमतेम पंधरा मिनिटांवर येतो. मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभे राहणाऱ्या मुलाच्या कानाचे काय होत असेल, याचा हिशेब पालकांनी स्वतः करावा. हा नियम केवळ १४ एप्रिलला आठवणाऱ्यांचा ढोंगीपणा आम्हांस ठाऊक आहे. गणेशोत्सवात आणि लग्नाच्या वरातीत तो त्यांना आठवत नाही. परंतु त्यांच्या ढोंगासाठी आपण आपल्या मुलांचे कान का द्यावेत? ज्या महापुरुषाने वाचण्यासाठी शांतता शोधली, त्याच्या जयंतीला शब्द ऐकू यावेत, एवढीच आमची विनंती आहे.

शेवटी काही सूचना. एक : प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांकडून एक गाणे लिहून आणावे, सोबत गाणाऱ्याचे नाव, गाव आणि ते कोणाकडून शिकले, हे लिहावे. ती वही ग्रंथालयात इतर ग्रंथांच्या शेजारी, रीतसर दाखल क्रमांक देऊन ठेवावी. दोन : आठवड्यातून एक तास श्रवणाचा असावा, शिक्षकांनी आधी ऐकून निवडलेली तीन गाणी, एक घरचे, एक चळवळीचे, एक दूरच्या मुलखातले. तीन : पालकसभेचा आरंभ भाषणाने न करता पालकांच्याच गाण्याने व्हावा. ज्या बापाला सभेत बोलताना संकोच वाटतो, तो गाताना मोकळा होतो, हे आम्ही पाहिले आहे. चार : भीमजयंतीच्या मिरवणुकीत मुलांचे स्वतंत्र पथक असावे, झील धरून गाणारे, कोणत्याही यंत्राशिवाय.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही, एक बरा ध्वनिवर्धक, शिक्षकाचा थोडा वेळ आणि पालकांवरचा विश्वास पुरे. पुस्तक मुलाला जगाची माहिती देते. गाणे त्याला सांगते की या जगात त्याच्या आजीचाही आवाज होता आणि तो ऐकण्याजोगा होता. ज्या दिवशी आपला विद्यार्थी अर्जावर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात न कचरता ‘वादक’ असे लिहील, त्या दिवशी आपण संगीताचा तास नीट घेतला, असे आम्ही मानू.